पंपघरातली अर्धी चटई

मित्रांनो, मी एक जुनी रबरी चटई आहे. खरं सांगायचं तर आता अर्धीच उरले आहे. बाकीची अर्धी कुठे गेली तेही पुढे सांगेन, घाई करू नका. बसायची किंवा झोपायची चटई वेगळी आणि मी वेगळी. माझ्यावर कधी कुणी अंग टाकलं नाही की जेवायला बसलं नाही. माणसं माझ्यावर फक्त उभी राहिली. त्यामुळे मला त्यांचे चेहरे फारसे ठाऊक नाहीत. मी माणूस ओळखते तो पायांवरून. चालण्यातला कंटाळा, टाचेवरचा भार, अंगठ्यानं जमीन चाचपण्याची सवय, एवढ्यावरून मला बरंच काही कळतं.

माझं माहेर म्हणजे एक झाड. त्याच्या सालीला चीर दिली की दुधासारखा चीक ठिबकतो. तो गोठवून त्याचं रबर करतात. कारखान्यात दोन जाडजूड रुळांमध्ये घालून त्यांनी माझी अशी काही कणीक तिंबली की विचारू नका. मग माझ्यात गंधक मिसळलं आणि तापलेल्या साच्यात दाबून मला शिजवलं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत लाकडासारखं होतं. गंधकानं ती खोड मोडली आणि माझ्या अंगी लवचीकपणा आला. पाय घसरू नये म्हणून पाठीवर बारीक रेघा उमटवल्या आणि गडद करड्या रंगाची अशी मी बाहेर पडले. टायर माझा चुलतभाऊ लागतो. पण त्याच्यात ताकदीसाठी काजळी ठासून भरतात, आणि काजळीला विजेचं वावडं नाही. म्हणून तो कितीही धष्टपुष्ट दिसला तरी आमच्या कामाला त्याला कुणी बोलावत नाही. हे मी थोड्या अभिमानानं सांगते आहे, माफ करा.

निघण्यापूर्वी माझी परीक्षा झाली. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये मला ठेवलं आणि वरून विजेचा दाब वाढवत नेला. जन्मभर जेवढा सोसायचा त्याच्या कितीतरी पट तो दाब होता. वीज माझ्या अंगावर धडका देत राहिली आणि मी तिला म्हणत राहिले, "बाई, तुझी वाट इकडून नाही." शेवटी माझ्या पोटावर शिक्का मारला गेला. त्या दिवशी मला वाटलं, आता आपल्याला कशाचीच भीती नाही.

मला एका पंपघरात आणलं. गावाच्या कडेला मोठी विहीर, तिच्यावर पंप, पंपाला मोटार, आणि मोटारीला हुकूम सोडणारं लोखंडी पॅनेल. ते कपाटाएवढं होतं. त्याच्या दारावर एक लाल दिवा, एक हिरवा दिवा आणि काटा थरथरवणारं एक घड्याळवजा यंत्र होतं. पॅनेलच्या पायथ्याशी मला अंथरलं. पंपाच्या दांड्याजवळून पाणी सतत थेंब थेंब गळायचं, त्यामुळे पंपघराची फरशी बाराही महिने ओलसर असे. ओल्या फरशीवर उभं राहून विजेला हात लावणं म्हणजे संकटाला घरचा पत्ता देणं. म्हणून पॅनेलला हात लावणाऱ्या माणसाच्या आणि फरशीच्या मध्ये मी होते.

त्या पॅनेलमध्ये माझे बरेच नातलग निघाले. फ्यूजची घरं चिनीमातीची होती. ती कितीही तापली तरी ढिम्म, पण हातातून निसटली की खेळ खलास. स्टार्टरची काळी मूठ बॅकेलाइट नावाच्या कडक प्लॅस्टिकची, स्वभावानं जरा ताठ. मोटारीच्या पोटातल्या तारांवर व्हार्निशचा पातळ थर होता आणि त्यांच्या मध्ये कागद. जास्त तापलं की त्यांचा जीव घाबरायचा. अभ्रक मात्र आगीलाही दाद देत नाही, असं ऐकून होते. पॅनेलमागची लाकडी फळी कोरडी असेपर्यंत आमची आणि भिजली की लगेच विजेला सामील होणारी. दोन उघड्या तारांच्या मधली हवासुद्धा आमच्याच कुळातली. तिला पगार नाही, तिला शिक्का नाही, तिची कुणी आठवणही काढत नाही. आम्हा सगळ्यांचं काम एकच, विजेला नको तिथे जाऊ न देणं. तारेचं कौतुक होतं, कारण ती काहीतरी नेते. आम्ही काहीच होऊ देत नाही, आणि काहीच झालं नाही याबद्दल आभार मानायला कोण येणार?

पंपघर चालवणारा माणूस आणि त्याची बायको मागच्याच दोन खोल्यांत राहत. तो पंप चालवी आणि ती पंपघर झाडून पुसून ठेवी. त्यांची खरी नावं मला कधी कळली नाहीत. ती त्याला 'अहो' म्हणायची आणि तो तिला 'अगं'. माझ्या लेखी तीच त्यांची नावं.

अहोंचे पाय रुंद होते. डाव्या टाचेवर जास्त भार द्यायची त्यांना सवय होती. रबरी सपाता घालून ते यायचे, माझ्यावर उभे राहायचे, एक हात पॅनेलच्या दारावर ठेवायचे आणि दुसऱ्यानं मूठ ओढायचे. मोटार घरघरली, काटा वर जाऊन खाली स्थिरावला की म्हणायचे, "चला, निघालं पाणी." रोज तेच वाक्य. तेव्हा कुठे घरोघरी नळाखाली भांडी लागायची.

अगंचे पाय मला त्याहून जवळचे. ओल्या फरशीत आयुष्य गेल्यामुळे तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. साफसफाई करताना ती अनवाणी असायची आणि माझ्यावर आली की तिच्या टाचांची कड मला खरखरीत लागायची. तिला गप्प राहून काम करता येत नसे. मोटारीशी बोलायची, बादलीशी भांडायची. मला पुसताना म्हणायची, "नीट राहा गं बाई. माझा माणूस तुझ्या भरवशावर उभा असतो."

मित्रांनो, मला कुणीतरी असं सांगेल असं वाटलं नव्हतं. तो शिक्का पोटावर होता आणि हे शब्द काळजावर बसले.

अशी बरीच वर्षं गेली. मग माझ्या अंगावर पांढुरकी झाक दिसू लागली. रबर जुनं होऊ लागलं की त्याच्या पोटातलं मेण हळूहळू वर येतं आणि पातळ थर धरतं. हवेनं रबराला चिरा पडू नयेत म्हणून केलेली ती सोय असते. पण अगंला ते कसं कळावं? तिला वाटलं, माझी कातडी कोरडी पडली.

त्याच सुमारास एका संध्याकाळी दोघं पंपघराच्या दारात चहा घेत बसली होती. बाहेर कुंपणात ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

"अहो, त्या डब्यात असतं तरी काय?" तिनं विचारलं.

"तेल."

"तेल? विजेच्या डब्यात?"

"अगं, तेलातून वीज जात नाही. म्हणून आतल्या तारा तेलात बुडवून ठेवतात. गारही राहतात."

"म्हणजे तेल असलं की वीज अडते."

"हं," अहो चहा फुंकत म्हणाले.

तो 'हं' खोटा नव्हता. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल खरंच आमच्या बाजूचं आहे. पण एका घरी जावई म्हणून मिरवणारा दुसऱ्या घरी चोर ठरू शकतो, हे त्या संध्याकाळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. रबराचं आणि तेलाचं कधीच पटत नाही. रबर तेल पितं, पिऊन फुगतं आणि मऊ पडतं.

दुसऱ्या दिवशी अहो बाजारात गेले असताना अगं घरातली डोक्याला लावायची तेलाची बाटली घेऊन आली. माझ्याजवळ मांडी घालून बसली, तळहातावर तेल घेतलं आणि माझ्या रेघारेघांतून जिरवू लागली. "किती कोरडी पडलीस. सांगायचं नाही का?" असं म्हणत होती. पांढुरकी झाक गेली आणि मी चकाकायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. मला तोवर माणसांचे तळपायच माहीत होते. तळहात कसा असतो ते त्या दिवशी कळलं. मनातून मी म्हणत होते, अगं, नको, हे मला सोसायचं नाही. आणि त्याच मनाला वाटत होतं, तिनं हात काढू नये.

मग तो तिचा परिपाठच झाला. झाक दिसली की तेल. अहोंना तिनं काही सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं? स्वतःच्या टाचांना मात्र तिनं त्या बाटलीतला थेंबही कधी लावला नाही. "बाटली काय फुकट येते?" असं एकदा ती बादलीला म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

हळूहळू मी फुगले. माझ्या कडा वर वळल्या. अहोंच्या सपाता मला चिकटू लागल्या आणि उचलताना चटचट आवाज येऊ लागला. "डांबर लागलंय की काय," असं म्हणून ते सपाता फरशीवर घासत. एकदा पंपाची दुरुस्ती करायला फिटर आला. त्यानं माझ्या शेजारीच बसून लोखंडाचा तुकडा कानशीनं घासला. लोखंडाचा कीस उडाला तो माझ्या चिकट अंगावर बसला. अगंनं झाडलं, पण मऊ रबरात रुतलेले कण झाडूनं निघत नाहीत. त्यातले जाडसर कण नेमके अहोंच्या डाव्या टाचेखाली होते. रोजच्या भारानं ते खोल खोल जात राहिले. मला ते जाणवत होतं, पण चटईला तोंड कुठे असतं?

तिकडे पॅनेलच्या दारातही काहीतरी शिजत होतं. दारावरच्या लाल दिव्याकडे जाणारी तार बिजागरीपाशी वाकत असे. दार उघडा, तार वाकली. दार लावा, तार वाकली. तिच्यावरचं आवरण तिथे घासून गेलं आणि तांबं दाराच्या लोखंडाला टेकलं. असं झालं तर वीज जमिनीत उतरवायला पॅनेलला जाड अर्थिंगची तार असते. पण ती ओलीत गंजून कधीच तुटली होती. म्हणजे आता सगळं दार विजेनं भारलेलं होतं. बाहेरून मात्र ते रोजच्यासारखंच दिसत होतं.

सकाळची वेळ होती. पंपाची गळती वाढून पाणी माझ्या पोटाखाली शिरलं होतं. अहो आले, माझ्यावर उभे राहिले आणि सवयीनं दारावर हात ठेवला.

वीज त्यांच्या हातातून शिरली आणि खाली माझ्यापर्यंत आली. माझ्यात जेवढं बळ उरलं होतं तेवढं सगळं एकवटून मी तिला अडवलं. उजव्या पायाखाली अडवलं. डाव्या पायाखालीही बहुतेक ठिकाणी अडवलं. पण टाचेखाली, जिथे लोखंड रुतलं होतं आणि सपातही झिजून पातळ झाली होती, तिथे माझा इलाज चालला नाही. तिथून ती निसटली. अहोंचा हात झटक्यानं मागे आला आणि ते भेलकांडत जाऊन भिंतीला टेकले.

आवाज ऐकून अगं धावत आली. तिच्या पावलांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. हाताला मुंग्या आल्या जरा."

"मुंग्या आल्या म्हणून माणूस भिंतीला जाऊन चिकटतो होय? ओठ बघा कसे पांढरे पडलेत. बसा खाली."

"तू आधी लांब हो. त्या दाराला हात लावू नकोस." ते हात छातीशी धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बाहेरचा मोठा स्विच लाकडी काठीनं पाडतो. आज पाणी येणार नाही असं सांगायला हवं. तपासणीला कुणालातरी बोलावतो."

दुपारी तपासणीस बाई आल्या. त्यांच्या पायात जाड तळव्याचे बूट होते आणि चाल शांत होती. त्यांनी बिजागरीजवळची तार शोधली, तुटलेलं अर्थिंग शोधलं. मग खाली बसल्या, माझ्या अंगात अंगठ्याचं नख दाबलं आणि उचललं. नखाचा ठसा तसाच राहिला. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"हिला तेल कुणी लावलं?"

माझ्या एका बाजूला रुंद पाय होते, दुसऱ्या बाजूला भेगाळलेले. दोन्ही एकदम पुढे आले.

"मी," दोघंही म्हणाली.

"दोघांनी?"

"यांना काही माहीतच नाही," अगं म्हणाली. "लावलं मी. कोरडी पडली होती म्हणून. तेलातून वीज जात नाही ना?"

"ते तिला मी सांगितलं," अहो म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. मी अर्धंच सांगितलं."

तपासणीस बाई रागावल्या नाहीत. "सांगितलं ते बरोबरच आहे. पण रबर तेलानं मऊ पडतं. मग त्यात काहीही घुसतं." त्यांनी चिमट्यानं टाचेखालचा एक लोखंडी कण उपटून हातावर धरला. "हा बघा."

अगंनं तो बराच वेळ पाहिला. तिचे पाय माझ्या कडेवरून मागे सरले. "म्हणजे माझ्या हातानं मी यांना..."

"तार घासली म्हणून झालं," बाई पटकन म्हणाल्या. "अर्थिंग तुटलं होतं म्हणून झालं. आणि खरं सांगू? ही चटई एवढी खराब होऊनही हिनं बरीचशी वीज अडवली, म्हणून हे बोलतायत. पण चटई सगळ्यात शेवटी असते. ती धड असायलाच हवी. कोरड्या फडक्यानं पुसायची, फार मळली तर साबणाच्या पाण्यानं, आणि वाळल्यावरच अंथरायची. तेल नाही, रॉकेल नाही, ऊन नाही. जड काही टाकायचं नाही आणि भेग दिसली की बदलायची."

अगंला एवढं सगळं ऐकू गेलं की नाही, मला शंका आहे. ती एकच गोष्ट ऐकत असावी, जी कुणी म्हटली नव्हती, की हे तिच्याच हातानं झालं.

बाद झालेली चटई अख्खी ठेवत नाहीत, मित्रांनो. अख्खी दिसली की कुणीतरी ती पुन्हा पॅनेलपुढे अंथरतं. म्हणून बाईंनी सुरा काढला आणि मला मधोमध कापलं. नखाचा ठसा आणि टाचेचा खड्डा असलेली अर्धी त्यांनी गुंडाळून नेली. नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलामुलींना त्या ती हातात देतात आणि म्हणतात, दाबून बघा, असं झालं की समजा संपलं. माझा तो अर्धा भाग अजून कामावर आहे, याचं मला समाधान वाटतं. हा दुसरा भाग टाकून द्यायला निघाले, तेव्हा अगं म्हणाली, "राहू दे. पाय पुसायला होईल."

तेव्हापासून मी त्यांच्या घराच्या उंबऱ्यापाशी आहे. पंपघरात नवी चटई आली. अगं तिला कोरड्या फडक्यानं पुसते, असं मी ऐकते. पण तिच्याशी बोलत नाही. कुणाशीच फारसं बोलेनाशी झाली. बादलीही गप्प असते. तेलाची बाटली तिनं फळीवर मागे सारून ठेवली. केसांनाही तेल लावीना. अहोंना वाढतानाही ती हात मागे घ्यायची, जणू तिच्या हाताला काही लागलेलं आहे. तिच्या टाचांच्या भेगा इतक्या वाढल्या की माझ्यावर पाय पुसताना रक्ताचा बारीक डाग उमटू लागला. तिच्या प्रेमात खोट नव्हती. तिला फक्त माझी जात माहीत नव्हती. आणि हे तिला समजावून सांगायचं तर माझ्यापाशी शब्द नव्हते.

तो डाग एका संध्याकाळी अहोंना दिसला. ते आत गेले. फळीवर डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आले ते बाटली घेऊन.

"बस इथे," ते म्हणाले.

"कशाला?"

"बस तर."

ती उंबऱ्यावर बसली. ते समोर जमिनीवर बसले, तळहातावर तेल ओतलं आणि तिचा पाय ओढून मांडीवर घेतला.

"अहो, काय करताय? पाय सोडा. कुणी बघेल."

"बघू दे."

"नको. माझ्या हातून तेलानं काय झालं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." ते भेगेवर अंगठा फिरवत राहिले. "पण हे पाय रबराचे नाहीत, अगं."

ती आधी हसली आणि मग रडली. कितीतरी दिवसांचं रडणं होतं ते. एक टाच झाली, मग अहोंनी दुसरी घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे नातलग आहेत. तारेवरचं प्लॅस्टिक, बटणाचं झाकण, इस्त्रीच्या पोटातलं अभ्रक. ओल्या हातानं त्यांच्याकडे जाऊ नका, कुठे सोललेलं दिसलं तर मोठ्यांना सांगा, आणि ते नीट करेपर्यंत तिथे हात लावू नका. आणि एक मागणं माझं स्वतःचं आहे. कुणाची काळजी घ्याल तेव्हा त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी विचारून घ्या. ज्याला तोंड नाही त्याच्याबद्दल जाणत्या माणसाला विचारा. नुसतं प्रेम माझ्यासारखीला पुरत नाही, पण प्रेमच नसेल तर मला पुसायला तरी कोण येणार?

त्या संध्याकाळी तेलाचा एक थेंब तिच्या टाचेवरून ओघळून माझ्यावर पडला. रडता रडता अगंनं फडकं ओढलं आणि तो चटकन कोरडा करून टाकला. आता त्याची काही गरज नव्हती. उंबऱ्यावरच्या चटईला तेलाचं काय भय? पण तिनं पुसलं, आणि मला फार बरं वाटलं.